युद्ध संपलं तरी रेशनिंगचं ऑफिस का उरलं?

कोपरखैरण्याहून कुणीतरी विचारलंय, "एमपीएससीची तयारी चालू आहे. युद्ध किंवा मोठी मंदी आली की केंद्र सरकारचे अधिकार वाढतात, असं नोट्समध्ये आहे. ते पटतं. पण संकट टळल्यावर ते परत कमी का होत नाहीत? सत्तेची हाव, एवढंच उत्तर आहे का?" खाली चार जणांनी "हो, हावच" लिहून विषय मिटवलाय. मला तो मिटलेला वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ओळख. मी तेहतीस वर्षं शिधावाटप खात्यात काढली, बहुतेक सगळी ठाण्यात. १९८४ साली कारकून म्हणून लागले, शिधावाटप अधिकारी म्हणून निवृत्त झाले. हे खातं दुसऱ्या महायुद्धाचं अपत्य. मी रुजू झाले तेव्हा ते युद्ध संपून एकोणचाळीस वर्षं झाली होती, आणि माझ्या टेबलापुढे पहिल्याच दिवशी जिन्यापर्यंत रांग होती. म्हणजे तुमचा प्रश्न एका परीने माझ्या पगाराबद्दलच आहे.

हावेबद्दल एवढंच म्हणते की हावरे लोक मी पाहिलेत, खुर्चीच्या या बाजूला आणि त्या बाजूलाही. पण हाव बारा महिने असते. मग सरकारचे अधिकार ठरावीक वर्षांतच उडी का मारतात, आणि मधली वर्षं जवळजवळ जागच्या जागी का राहतात? याचं उत्तर हावेतून निघत नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. संकटात सरकार का वाढतं हा सोपा. संकट गेल्यावर का आटत नाही, हा अवघड. शिवाय 'वाढतं' म्हणजे काय वाढतं, तेही आधी ठरवा. रुपयांतला खर्च महागाईने आपोआप फुगतो, त्यावरून काही कळत नाही. राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा बघा. आणि त्याहीपेक्षा, काल सरकारला न विचारता करता येणाऱ्या कोणत्या गोष्टीला आज परवाना लागतो, ते बघा.

सोपा प्रश्न आधी उरकू. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ यायचा बंद झाला. रेल्वेचे डबे लष्कराने अडवलेले. ब्रिटनच्या युद्धखर्चापोटी इथे नोटा छापल्या जात होत्या. युद्धाआधी चलनात साधारण १८० कोटींच्या नोटा होत्या, १९४५ पर्यंत त्या १,१०० कोटींच्या पुढे गेल्या. माल कमी आणि पैसा सहापट, म्हणजे भाव कुठे जाणार हे सांगायला नको. १९४३ मध्ये बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मेली. डिसेंबर १९४२ मध्ये दिल्लीत पहिल्यांदा स्वतंत्र अन्न खातं निघालं, मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झालं, आणि त्याच वर्षी अन्नधान्याचं धोरण सुचवायला नेमलेल्या ग्रेगरी समितीने एक लाखाच्या वर वस्तीच्या शहरांत रेशनिंग करा असं सांगितलं.

आता रेशनिंग करायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं, ते बघा. माणशी आठवड्याला इतका तांदूळ, असं ठरवायला एक वाक्य पुरतं. पण माणसं किती? घरात कोण राहतं, कोण गावी गेलंय, कोण वारलंय? त्याची यादी हवी. यादी खरी आहे का ते घरोघर जाऊन बघणारा निरीक्षक हवा. कार्ड कुठल्या दुकानाला जोडलंय, त्या दुकानात किती युनिटं, म्हणजे कार्डांवरची किती माणसं, किती पोती आली, किती गेली, याचं रजिस्टर हवं. धान्य आणायचं कुठून? मग खरेदी हवी. व्यापारी जिथे जास्त भाव तिथे माल नेणार, म्हणून जिल्ह्याबाहेर माल न्यायला बंदी. बंदी आली की परवाना आला, आणि परवाना आला की तो देणारा माणूस आला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या काळात हीच साखळी रॉकेलची होती. रॉकेल स्वस्त ठेवलं, तर ते डिझेलमध्ये मिसळायला जाऊ लागलं. म्हणून रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. रंगाने भागलं नाही, म्हणून ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांचा कोटा कमी करायचा ठरलं. तो कमी करायचा तर कार्डावर गॅसचा शिक्का हवा. मग गॅस एजन्सीच्या याद्या आमच्याकडे, आमच्या याद्या त्यांच्याकडे. यात कुणाला साम्राज्य उभं करायचं नव्हतं. प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीतलं भोक बुजवायचं होतं, आणि प्रत्येक भोक बुजवताना एक रजिस्टर वाढत होतं.

आता अवघड प्रश्न. अभ्यासाला घ्यायचीच तर एक मालिका नीट पाठ करा, तिच्यात सगळं आहे. सप्टेंबर १९३९ ला युद्ध लागलं आणि भारत संरक्षण कायदा व त्याखालचे नियम आले. धान्य हा प्रांतांचा विषय, पण १९३५ च्या कायद्यातल्या आणीबाणीच्या तरतुदीने दिल्लीला त्यात हात घालता आला. युद्ध संपलं, नियम संपणार, म्हणून १९४६ मध्ये अत्यावश्यक पुरवठ्याचा कायदा आला. त्याच्या नावातच 'तात्पुरते अधिकार' असे शब्द होते. मग राज्यघटना आली. तिच्यात कलम ३६९ आहे, ते काढून वाचा. राज्यांच्या यादीतल्या कापड, अन्नधान्य वगैरे ठरावीक विषयांवर संसदेला पाच वर्षांपुरता कायदा करता येईल, असं ते सांगतं. पाच वर्षं म्हणजे जानेवारी १९५५. मुदत संपायच्या आधी तिसऱ्या घटनादुरुस्तीची तयारी झाली होती. अन्नधान्य, गुरांची वैरण, कच्चा कापूस, कच्चा ताग हे विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांनाही कायदा करता येतो त्या यादीत, जाऊन बसले. आणि त्याच वर्षी एप्रिलपासून अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ लागू झाला. 'तात्पुरते' हा शब्द गळून पडला. माझ्या सहीने जेवढ्या नोटिसा निघाल्या, त्यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर याच कायद्याचं नाव होतं.

अशा आणखी जोड्या आहेत, झरझर सांगते. परकीय चलनाचं नियंत्रण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाचा नियम म्हणून आलं, १९४७ मध्ये त्याचा कायदा झाला, १९७३ मध्ये तो आणखी कडक झाला. आयातीचे परवाने १९४० चे. कंपनीने शेअर काढायचे तर सरकारची परवानगी, हे १९४३ चं. आमच्या चरईतल्या जुन्या चाळीचं भाडं १ सप्टेंबर १९४० च्या दराशी बांधलेलं होतं, कारण युद्धात घरमालकांनी भाडी वाढवू नयेत म्हणून आलेल्या निर्बंधांचाच वारसा १९४७ च्या भाडे कायद्याने चालवला. तोही मुळात थोड्या वर्षांपुरताच होता, मुदतवाढ मिळत गेली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेलं भाडं आता मनमानी झालंय असं सांगितलं, तेव्हा कुठे १९९९ चा नवा कायदा आला. आई दर महिन्याला घरमालकाच्या हातात जी रक्कम ठेवायची, तिच्यात पुढे पुढे दोन नारळही आले नसते. घरमालकाने अर्थातच चाळीला रंग लावणं कधीच सोडून दिलं होतं. पत्र्याखाली बादल्या आम्ही ठेवायचो.

तर हे संपत का नाही? माझ्या नोकरीतला एक प्रसंग सांगते. मी ज्या कार्यालयात होते, तिथे दर महिन्याला वरच्या कार्यालयाला पामतेलाचा अहवाल जायचा. आयात केलेलं पामतेल एके काळी रेशनवर मिळायचं, नंतर बंद झालं. अहवाल बंद झाला नाही. आरंभीची शिल्लक, आवक, वाटप, अखेरची शिल्लक, चारही रकान्यांत 'निरंक', खाली सही. एका महिन्यात मी तो पाठवलाच नाही. म्हटलं, बघू काय होतं. दीड महिन्याने ज्ञापन आलं. निरंक अहवाल विहित मुदतीत का सादर केला नाही, याचा खुलासा मागवला होता. मी वर फोन केला. तिकडचे साहेब सज्जन होते. म्हणाले, "मॅडम, मला तरी कुठे हौस आहे? पण रकाना आमच्या गोषवाऱ्यात आहे. रकाना रिकामा गेला तर मला विचारतात. तुम्ही निरंक पाठवा, दोघांचाही त्रास वाचेल." मी पाठवला. पुढे संगणक आले तेव्हा तो रकाना संगणकातही गेला.

यात हाव कुठे दिसते का सांगा. एकदा यंत्रणा उभी राहिली की ती बंद करायलाही कुणीतरी पुढे होऊन सही करावी लागते. चालू ठेवायला कुणाचीच सही लागत नाही.

पण निव्वळ आळसावर ऐंशी वर्षं काढता येत नाहीत, हेही खरं. यंत्रणेभोवती माणसं जमतात. दुकानदाराला अधिकृत दुकानाचा परवाना हवा असतो, कमिशन कितीही तुटपुंजं असलं तरी. लोकांना धान्य हवं असतंच, पण धान्य न उचलणाऱ्यांनाही कार्ड हवं असायचं, कारण पत्त्याचा पुरावा म्हणून तेच चालायचं. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरातली मंडळी गाडीतून यायची, "धान्य नकोय हो, फक्त कार्ड द्या." नगरसेवकाला आपल्या वॉर्डातली कार्डं करून देण्यात पुण्य होतं. १ मे १९९९ पासून पिवळं, केशरी, पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आली. तेव्हा पांढरं कार्ड म्हणजे 'तुम्हाला धान्य नाही' असा जवळजवळ सरकारी निरोप होता, तरी लोकांनी रांगा लावून ते घेतलं. युद्धासाठी काढलेला कागद अशा रीतीने माणसाच्या अस्तित्वाचा कागद झाला. तो बंद करा असं कोण म्हणणार?

बंद करून बघितलंही होतं. डिसेंबर १९४७ मध्ये, गांधीजींचा आग्रह होता म्हणून, धान्यावरची नियंत्रणं उठवायला सुरुवात झाली. भाव भडकले आणि १९४८ संपायच्या आत नियंत्रणं परत आली. मग १९५२ ते ५४ या काळात केंद्रीय अन्नमंत्री रफी अहमद किडवईंनी ती पुन्हा उठवली आणि या वेळी जमलं, कारण पीक चांगलं आलं होतं. म्हणजे युद्धातलं रेशनिंग १९५४ मध्ये खरोखर संपलं होतं. 'एकदा वाढलं ते वाढलंच' असं उत्तरात ठोकून देऊ नका. दुकान बंद झालं होतं, पण किल्ली दिल्लीने ठेवून घेतली होती. तिसरी घटनादुरुस्ती आणि १९५५ चा कायदा म्हणजे ती किल्ली. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं, लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, अमेरिकेच्या गव्हाकडे डोळे लावून बसायची वेळ आली. तेव्हा नवा कायदा करावा लागला नाही, कुलूप उघडलं एवढंच. त्याच वर्षी अन्न महामंडळ आलं, आणि धान्याचे आधारभाव सुचवणारा आयोगही.

करांचं पण असंच आहे. ब्रिटनच्या १८९० ते १९५५ च्या सरकारी खर्चाचा अभ्यास पीकॉक आणि वाइजमन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९६१ मध्ये मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: लोक किती कर सहन करतील याची एक पातळी असते. शांततेत ती हलत नाही. युद्धात लोक जास्त कर निमूट भरतात. युद्ध संपतं तोवर त्याची सवय झालेली असते, आणि सरकारलाही युद्धाने दाखवून दिलेलं असतं की किती माणसं कुपोषित आहेत, किती घरं राहण्यालायक नाहीत. मग तोच पैसा तिकडे वळतो. तुमच्या नोट्समध्ये 'रॅचेट' हा शब्द असेल, तर तो पुढचा, रॉबर्ट हिग्ज या अमेरिकी अभ्यासकाने रूढ केला. पाना फिरवताना दात एकाच बाजूला सरकतात, तसं सरकार पुढे सरकतं, पूर्ण मागे येत नाही.

अमेरिकेत १९२९ साली केंद्र सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता. १९४४ मध्ये तो चाळीसच्या वर गेला. युद्धानंतर उतरला, पण अकरा-बाराच्या खाली आला नाही. तिथे प्राप्तिकर भरणारे युद्धाआधी सुमारे ४० लाख होते, युद्ध संपताना ४ कोटींच्या वर. आणि १९४३ पासून कर पगारातूनच कापून घ्यायची पद्धत आली, ती आजतागायत आहे. आपल्याकडे प्राप्तिकर आला १८६० मध्ये, १८५७ च्या उठावाने रिकामा केलेला खजिना भरायला.

तुम्ही किंवा घरातलं कुणी नोकरी करत असेल तर पगाराची स्लिप काढा. 'व्यवसाय कर' म्हणून २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. हे केंद्राचं उदाहरण नाही, राज्याचं आहे, पण याहून जवळचं मला सुचत नाही. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना आली, वि. स. पागे यांच्या डोक्यातली. शहरांतल्या पगारदारांनी गावातल्या मजुरीचा भार उचलावा म्हणून १९७५ मध्ये हा कर लागला. त्या दुष्काळात अमेरिकेहून आलेला लाल मिलो आम्ही घरी खाल्लाय, भाकरी थापताना तुटायची. मिलो गेला, कर आहे. रोजगार हमी मात्र राज्यातून देशात गेली, २००५ मध्ये संसदेने त्याचा कायदा केला. दुष्काळाने काढलेली गोष्ट चांगली की वाईट, हे मी इथे ठरवत नाही. रोजगार हमीने माणसं जगली, हे मुरबाड-शहापूरकडच्या कुणालाही विचारा.

मंदीबद्दल मात्र तुमच्या नोट्स फार सरळ आहेत असं मला वाटतं. युद्ध आणि मंदी एका दोरीत बांधू नका. युद्धात सरकार हुकूम देतं, मंदीत वचन देतं. आणि वचन द्यायचं की नाही, हे सरकार कुणाला उत्तर देतं त्यावर ठरतं.

एकच मंदी दोन देशांत बघा. अमेरिकेत १९३३ मध्ये चारातला एक कामगार बेकार होता. रूझवेल्टनी ४ मार्चला शपथ घेतली. परकीय शत्रूने आक्रमण केलं असतं तर जितके अधिकार मिळाले असते तितके मागेन, असं पहिल्याच भाषणात सांगितलं. म्हणजे मंदीशी लढायलाही भाषा युद्धाचीच. मग बँक ठेवींचा विमा आला, शेअर बाजारावर देखरेख आली, १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा आला. त्याच मंदीत हिंदुस्थानात शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. लोकांनी डाग मोडले, ते सोनं बोटीत बसून लंडनला गेलं. आणि दिल्लीच्या सरकारने काय केलं? खर्च छाटला. १९३१ च्या अखेरीस सरकारी नोकरांचे पगारसुद्धा दहा टक्के कापले. सरकार वाढलं नाही, आक्रसलं. कारण त्याला मतं मागायची नव्हती, लंडनचे हप्ते फेडायचे होते.

आता पुढचं बघा. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं निवडून आलेलं मंत्रिमंडळ बसलं. दोन वर्षांत शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा आला, शेतमालाच्या बाजारांचा कायदाही १९३९ चा. नियंत्रित बाजाराची कल्पना मंदीआधीची होती, पण कायदा झाला तो निवडून आलेल्यांच्या हातून. तुमच्या कोपरखैरण्याला लागून वाशीचं जे एपीएमसी मार्केट आहे, त्याचं कूळ शोधत गेलात तर तिथे पोचता. म्हणून 'मंदी आली की सरकार वाढतं' असं सरसकट लिहू नका. मंदीने मागणी येते. ती ऐकायला कुणी बांधील असेल तर सरकार वाढतं.

मंदीतलं काय टिकतं आणि काय जातं, तेही बघण्यासारखं आहे. रूझवेल्टच्या काळात लाखो लोकांना कामं देणारी योजना होती, ती १९४३ मध्ये बंद झाली, कारण युद्धानेच सगळ्यांना काम दिलं. उद्योगांवर आचारसंहिता लादणारी यंत्रणा सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्येच मोडली. टिकली ती पेन्शन आणि ठेवींचा विमा. ज्याने हप्ता भरलाय तो हक्क सोडत नाही. आपल्याकडे हेच कामगार विम्याचं झालं. युद्धातच बी. पी. आडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला सांगितलं गेलं, १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कायदा. वागळे इस्टेटमधलं कामगार हॉस्पिटल त्या कायद्याच्या पोटातून आलेलं. तिथल्या सोयींबद्दल लोक वाट्टेल ते बोलतील, पण पगारातून हप्ता कापला गेलेला एकही जण ते बंद करा म्हणताना मी ऐकला नाही.

आणि जे गेलं ते का गेलं? १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासित आले, तेव्हा टपालावर पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लावावं लागायचं. १९७३ मध्ये ते गेलं. निर्वासित परत गेले होते, त्या तिकिटावर कुणाचा जीव अवलंबून नव्हता, भरणारे मात्र सगळे होते. सोने नियंत्रण १९६३ च्या जानेवारीत आलं, चीनशी झालेल्या युद्धाच्या पाठोपाठ. दागिना चौदा कॅरटचाच घडवायचा. सोनारांचे धंदे बसले, तस्करांचे उभे राहिले. तरी १९६८ मध्ये त्याचा वेगळा कायदा झाला आणि तो जायला १९९० उजाडलं. लोकांना नको असूनही सत्तावीस वर्षं.

त्यानंतर १९९१. परकीय चलन संपत आलं, सोनं गहाण टाकावं लागलं. हेही संकटच, पण या संकटाने सरकार वाढलं नाही. उलट आयातीचे परवाने सैल झाले, शेअर काढायला लागणारी १९४३ ची परवानगी १९९२ मध्ये गेली. का? कारण या वेळी दोष बाजाराचा मानला गेला नाही, परवान्यांचा मानला गेला. माझ्या मते तुमच्या उत्तरातला सगळ्यात जास्त गुण मिळवणारा मुद्दा हा आहे. संकट एवढंच करतं की आजवर अशक्य वाटणारा बदल चार दिवसांत शक्य होतो. तो कुठल्या दिशेला होईल, हे लोक संकटाचं खापर कुणावर फोडतात त्यावर ठरतं.

२०२० मध्ये मी निवृत्त होते, पण फोन बंद नव्हता. टाळेबंदी लागल्यावर सरकारला लोकांपर्यंत पोचायचं होतं, आणि घरोघरची यादी तयार होती ती आमच्याकडेच. माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू झालं. केशरी कार्डवाल्यांना मे-जूनमध्ये आठ रुपयांनी गहू, बारा रुपयांनी तांदूळ दिला. जुन्या सहकाऱ्यांचे रात्री अकराला फोन यायचे, "मॅडम, ज्यांची नावं बारा वर्षांपूर्वी कमी केली ते परत आलेत." आणि ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, ते आमच्या घरापासून दीड किलोमीटरवर नाशिक हायवेने चालत निघाले होते. युद्धासाठी केलेली यंत्रणा सत्याहत्तर वर्षांनी साथीला कामी आली. जे यादीत होते त्यांना. मग साथ गेली. डिसेंबर २०२२ मध्ये ती खास योजना संपली, पण जानेवारी २०२३ पासून नेहमीचं रेशनच मोफत झालं, आणि पुढच्या जानेवारीपासून आणखी पाच वर्षांसाठी. कलम ३६९ मधलीही पाचच वर्षं होती, आठवतं ना?

एक गोष्ट राहिली. अधिकारांबरोबर जमिनीही जातात. कल्याणजवळ ब्रिटिशांनी युद्धात सैनिकांचा तळ उभारला. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तळाचं उल्हासनगर झालं. आज तिथे लग्नाच्या पत्रिकेवरही 'कॅम्प नंबर ४' असा पत्ता असतो. त्या तळाचा लोकांना उपयोग झाला. तिथून थोड्या अंतरावर नेवाळीला त्याच युद्धात धावपट्टीसाठी जमीन घेतली गेली. युद्ध संपल्यावर ती परत मिळायला हवी होती, असं शेतकरी म्हणतात. ती आपली आहे, असं नौदल म्हणतं. जून २०१७ मध्ये कुंपणाचं काम सुरू झालं आणि नेवाळीला गाड्या पेटल्या. दिल्लीत युद्धकाळात उभ्या केलेल्या तात्पुरत्या बराकींतून संरक्षण खात्याची ऑफिसं २०२१ मध्ये हलली.

उत्तर लिहिताना एवढं करा. युद्ध आणि मंदी वेगळ्या परिच्छेदांत ठेवा. १९३९ ते १९५५ ची मालिका द्या, वर्षांसकट. १९३१ ची पगारकपात आणि १९९१ हे उलटे दाखले द्या, बहुतेक जण ते विसरतात. वाग्नर नावाच्या जर्मन अर्थतज्ज्ञाचं म्हणणं होतं की देश श्रीमंत होत जातो तसं सरकार संकटाशिवायही वाढतं. त्याला एक ओळ द्या, म्हणजे परीक्षकाला कळेल की सगळं खापर तुम्ही युद्धावर फोडत नाही. आणि 'हाव' हा शब्द शक्यतो टाळा.

ते पामतेलाचं पुढे काय झालं, हे कुणीतरी विचारेलच. निवृत्तीच्या आदल्या महिन्यात पदभार सोपवताना मी नव्या मॅडमना सांगितलं की हा अहवाल बंद करायचं पत्र तुम्ही लिहा, मी मसुदा करून ठेवलाय. त्यांनी तो वाचला, व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाल्या, "आधी जरा रुळू दे मला."